तारीख बदला फुकट, फरक तेवढा भरा

कोरोना साथीतल्या दोन महिन्यांच्या बंदीनंतर 25 मे 2020 रोजी देशांतर्गत विमानं पुन्हा उडू लागली, तेव्हा नागपुरात सोनेगावच्या विमानतळावर जाणाऱ्याला तिकिटाखेरीज पुष्कळ काही सोबत लागायचं. वेब चेक-इन घरूनच केलेलं, मोबाइलमध्ये आरोग्य सेतू, प्रकृतीचं स्वयंघोषणापत्र, तोंडावर मास्क. सामानात द्यायची बॅग एकच. महाराष्ट्रात उतरणाऱ्याच्या हातावर शिक्का आणि पुढे चौदा दिवस घरात मुक्काम. हे सगळं लोकांच्या लक्षात आहे. हिशेब मात्र फारसा कुणी मांडला नाही. तिकिटाच्या रकमेवर आणखी किती गेले, रद्द तिकिटाचे परत किती आले, आणि 'मोफत तारीखबदल' म्हणून जाहिरात झालेल्या सवलतीत शेवटी खिशातून काय निघालं?

साथ पुन्हा कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. विमानं मात्र साथीशिवायही अचानक थांबतात. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची उड्डाणं देशभर शेकड्यांनी रद्द झाली, तीही नागपुरात 8 तारखेपासून हिवाळी अधिवेशन भरणार होतं नेमक्या त्याच दिवसांत. तेव्हा हा हिशेब फक्त 2020 चा समजू नका.

आधी तिकीट उलगडून बघा

तिकिटाची रक्कम एकसंध नसते. मूळ भाडं आणि इंधन अधिभार हा एक भाग. इकॉनॉमीवर 5 टक्के जीएसटी, विमानतळ वापर शुल्क, सुरक्षा शुल्क हा दुसरा. कंपनी किंवा बुकिंगचं अ‍ॅप लावतं ते 'कन्व्हिनियन्स फी' नावाचं शुल्क तिसरं. या तिघांची वागणूक वेगवेगळी आहे आणि रद्द करताना सगळा खेळ तिथेच होतो.

समजा, नागपूर-पुणे तिकीट 5,500 रुपयांना पडलं. त्यात मूळ भाडं व इंधन अधिभार 4,400, जीएसटी 220, विमानतळ व सुरक्षा शुल्कं 700 आणि कन्व्हिनियन्स फी 180. तुम्ही स्वतःहून तिकीट रद्द केलं, तर विमान वाहतूक नियामक डीजीसीएच्या नियमाप्रमाणे कंपनीला जास्तीत जास्त 4,400 कापता येतात. त्याहून एक रुपयाही जास्त नाही. कर आणि विमानतळ शुल्कं, म्हणजे इथे 920 रुपये, 'नॉन-रिफंडेबल' तिकिटावरसुद्धा परत मिळायला हवेत. 180 गेले ते गेले. बरेच लोक 'सगळेच बुडाले' म्हणून तिकीट रद्दच करत नाहीत, नुसतं सोडून देतात. चौघांचं कुटुंब असेल तर असे साडेतीन हजारांवर रुपये कंपनीकडे आपण होऊन ठेवून येतो. जायचं नाही हे ठरलं की विमान सुटण्याआधी अ‍ॅपवर जाऊन रीतसर रद्द करा, एवढंच.

आणखी एक सोय नियमातच आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. तिकीट काढल्यापासून ठरावीक मुदतीत (2025 मध्ये ती 24 तास होती) ते रद्द केलं किंवा बदललं तर वेगळा आकार नाही. बदललेल्या उड्डाणाचं चालू भाडं तेवढं लागतं. अट अशी की विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेलं तिकीट असेल तर प्रवास बुकिंगपासून किमान सात दिवस पुढे हवा. नोव्हेंबर 2025 मध्ये ही मुदत 48 तास करण्याचा मसुदा डीजीसीएने काढला, तेव्हा तिकीट काढाल त्या दिवशी कोणता नियम लागू आहे तो कंपनीच्या अटींत बघून घ्या. नावातली चूकही थेट कंपनीकडून काढलेल्या तिकिटावर 24 तासांत फुकट दुरुस्त होते.

लवचिकपणाचा भाव

2020 आणि 2021 मध्ये जवळपास प्रत्येक कंपनीने तारीखबदलाचं शुल्क काही ना काही काळ माफ केलं. जाहिरात खरीच होती. पण शुल्क माफ झालं म्हणजे भाड्यातला फरक माफ झाला असं नाही. 3,800 ला काढलेलं तिकीट पुढच्या आठवड्यावर नेलं आणि त्या दिवशी भाडं 6,400 चाललं असेल, तर 'मोफत' बदलाला 2,600 लागतात. उलट नवं भाडं कमी असेल तर वरचे पैसे परत मिळतीलच याचा भरवसा नाही, ते अटींवर आहे. म्हणून तारीख बदलण्याआधी त्याच उड्डाणाचं नवं तिकीट कितीला आहे ते दुसऱ्या खिडकीत उघडून बघा. कधीकधी जुनं रद्द करून नवं काढणंच स्वस्त पडतं.

मग जास्त पैसे देऊन 'फ्लेक्सी' भाडं घ्यावं का? याचं उत्तर एका भागाकारात आहे. फ्लेक्सीला माणशी 600 जास्त पडतात आणि साध्या तिकिटावर रद्द करण्याचा आकार 3,500 आहे असं धरा. 600 ला 3,500 ने भागलं की साधारण सहात एक येतो. प्रवास रद्द होण्याची शक्यता सहात एकाहून जास्त वाटत असेल तर फ्लेक्सी घ्या, कमी असेल तर सोडा. एरवी दिवाळीला घरी येणाऱ्या पोराचा प्रवास इतक्या सहज रद्द होत नाही, तेव्हा पैसे वाया जातात. साथीत मात्र शेजारच्या फ्लॅटमध्ये एक रुग्ण निघाला की सगळी इमारत बंद व्हायची. तिथे हे 600 रुपये शहाणपणाचे होते. फ्लेक्सी घेताना दोन ओळी मात्र वाचाच: बदल किती वेळा करता येतो आणि उड्डाणाच्या किती तास आधीपर्यंत. शेवटच्या काही तासांत ताप आला तर यातल्या बऱ्याच सवलती संपलेल्या असतात.

बुकिंगच्या अ‍ॅपवर शेवटच्या पानावर शे-दोनशे रुपयांचं 'रद्द संरक्षण' आधीच खूण करून ठेवलेलं असतं. माझं मत स्पष्ट आहे: ती खूण काढा. हवंच असेल तर अटी वाचून नंतर लावा. प्रवास विम्याचंही तसंच, साथीचा आजार त्यात धरलेला आहे की वगळलेला, ही एकच ओळ आधी शोधायची.

नागपूरकरांसाठी आणखी दोन सवयी कामाच्या. येण्याजाण्याचं तिकीट एकाच पीएनआरवर घेऊ नका. देशांतर्गत मार्गांवर दोन्ही बाजूंचं भाडं बहुधा वेगवेगळंच मोजलं जातं, त्यामुळे वेगळं काढल्याने तोटा होत नाही आणि एक बाजू बदलणं सोपं जातं. अन् शक्यतो सकाळचं विमान घ्या. नागपुरातून दिल्ली-मुंबईसारखी तासातासाला उड्डाणं नाहीत आणि जी आहेत त्यातली बहुतांश एकाच कंपनीची. रात्रीचं शेवटचं रद्द झालं की दुसरा दिवस उजाडतो. सकाळचं रद्द झालं तर मुंबईसाठी संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस, रात्रीची दुरांतो किंवा समृद्धी महामार्गावरून जाणारी ट्रॅव्हल्स हाताशी असते.

सरकार भाडं बांधतं तेव्हा

मे 2020 मध्ये केंद्राने उड्डाणाच्या वेळेप्रमाणे भाड्याचे सात पट्टे ठरवले. 60 ते 90 मिनिटांच्या उड्डाणाला किमान 3,000 आणि कमाल 9,000. 90 ते 120 मिनिटांना 3,500 ते 10,000. नागपूरहून मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू ही उड्डाणं बहुतेक याच दोन पट्ट्यांत बसणारी. शिवाय 40 टक्के जागा पट्ट्याच्या मध्यापेक्षा कमी भावात विकायच्या, म्हणजे 3,000 ते 9,000 च्या पट्ट्यात 6,000 च्या आत. आकडे करांशिवायचे. पुढे ते वाढत गेले आणि ही बांधणी 31 ऑगस्ट 2022 ला उठली.

कमाल मर्यादेचं सगळ्यांनी कौतुक केलं. किमान मर्यादा म्हणजे स्वस्त तिकिटावर बंदी होती, त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. ती कंपन्या तगून राहाव्यात म्हणून होती आणि तिचा भार प्रवाशाने उचलला. हे योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो, पण बिल कुणी भरलं याबद्दल नाही.

डिसेंबर 2025 च्या गोंधळात सरकारने पुन्हा कमाल भाडं बांधलं, यावेळी अंतरावर: 500 किलोमीटरपर्यंत 7,500, 500 ते 1,000 पर्यंत 12,000, त्यापुढे 15,000 आणि 18,000, करांशिवाय. नागपूर-हैदराबाद पहिल्या गटात येतं. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू चारही दुसऱ्या गटात. अशी मर्यादा लागू असताना अ‍ॅपवर त्याहून जास्त मूळ भाडं दिसलं तर आधी पडद्याचं छायाचित्र घ्या. नंतर तेच पुराव्याला लागतं.

क्रेडिट शेल, म्हणजे बिनव्याजी उसनवारी

टाळेबंदीत सर्वांत जास्त पैसे अडकले ते इथे. उड्डाण कंपनीने रद्द केलं, पैसे परत करण्याऐवजी तेवढ्या रकमेचं खातं तुमच्या नावावर उघडून दिलं: वर्षभरात कधीही आमच्याच विमानाने फिरा. ज्याची नोकरी गेली किंवा ज्याच्या घरी लग्नच पुढे ढकललं, त्याने कुठे फिरायचं? त्याच काळात रेल्वेने बंद गाड्यांच्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत केले.

1 ऑक्टोबर 2020 ला प्रवासी लीगल सेलच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. टाळेबंदीच्या काळात, त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे लगेच आणि पूर्ण परत. आधी काढलेल्या तिकिटांचे 15 दिवसांत परत. कंपनी आर्थिक अडचणीत असेल तरच क्रेडिट शेल, तेही 31 मार्च 2021 पर्यंत, कोणत्याही मार्गावर चालणारं, दुसऱ्याच्या नावावर करता येणारं. त्याची किंमत 30 जून 2020 पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि पुढे पाऊण टक्का वाढवायची. मार्चअखेर रद्द झालेल्या 10,000 च्या तिकिटावर वर्षभरात 825 रुपये झाले. मुदत ठेवीपेक्षा वाईट नाही, पण मुदत ठेव आपण स्वतः ठेवलेली असते.

यातून एक गोष्ट घट्ट धरायची. उड्डाण कंपनीने रद्द केलं असेल तर अ‍ॅपवर 'क्रेडिट' आणि 'रिफंड' अशी दोन बटणं येतात, आणि पहिलं बटण बहुधा मोठं आणि रंगीत असतं. रिफंडच निवडा. क्रेडिट कार्डावर भरलेले पैसे नियमाप्रमाणे सात दिवसांत परत यायला हवेत. क्रेडिट स्वीकारलं की कंपनी टिकेल यावर तुम्ही पैज लावलेली असते, आणि नागपूरकरांनी ती हरताना पाहिलेली आहे. नागपुरातून उडणारी गो फर्स्ट 3 मे 2023 ला थांबली ती कायमची. जानेवारी 2025 मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. त्याआधी एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज गेली होती. अशा वेळी प्रवासी धनकोंच्या रांगेत बँकांच्या बराच मागे उभा असतो. क्रेडिट कार्डाने भरलं असेल तर बँकेकडे 'चार्जबॅक' मागण्याचा रस्ता तरी उरतो. तो दावा करायला प्रत्येक बँकेची मुदत असते, म्हणून बातमी आली त्याच आठवड्यात अर्ज करा.

बर्डीवरच्या किंवा सदरमधल्या ओळखीच्या एजंटाकडून तिकीट घेण्यात गैर काही नाही. अडचणीत फोन उचलणारा माणूस असतो, आणि ही किंमत थोडी नाही. पण परतावा कंपनीकडून आधी एजंटाच्या खात्यात येतो आणि तिथून तुमच्याकडे. तेव्हा तिकिटावर मोबाइल आणि ईमेल तुमचाच टाकायला सांगा, पीएनआर घ्या, पावती घ्या. कंपनीने पैसे कधी सोडले हे मग तुम्हालाच कळतं. मोठी अ‍ॅपं वेगळी वागतात असं समजू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2024 मध्ये यात्रा या पोर्टलबाबत आदेश काढला, तेव्हा टाळेबंदीतल्या 4,837 बुकिंगचे अडीच कोटींवर रुपये अजून द्यायचे राहिले होते. चार वर्षांनंतर!

तिकिटावर न दिसणारा खर्च

25 नोव्हेंबर 2020 पासून दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून महाराष्ट्रात विमानाने येणाऱ्याला उतरण्याआधीच्या 72 तासांतला आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा झाला. अहवाल नसेल तर विमानतळावर स्वखर्चाने चाचणी. दिल्लीत तेव्हा चाचणीचा दर 2,400 होता. चौघांचं कुटुंब नागपूरला यायचं तर 9,600 रुपये, म्हणजे दोन तिकिटांहून जास्त. पाचच दिवसांनी दिल्ली सरकारने दर 800 वर आणला आणि तोच खर्च 3,200 झाला. महाराष्ट्रात प्रयोगशाळेतल्या चाचणीचा दर जून 2020 मध्ये 2,200 होता, डिसेंबर 2021 पर्यंत 350 झाला. अशा नियमांच्या पहिल्या आठवड्यात प्रवास टाळता आला तर पैसे वाचतात. दर खाली येतात, रांगा ओसरतात, आणि तीनदा बदललेला नियम एकदाचा स्थिर होतो.

परदेशातून येणाऱ्यांचा हिशेब आणखी वेगळा. डिसेंबर 2020 मध्ये युरोप आणि आखातातून मुंबईत उतरणाऱ्यांना संस्थात्मक विलगीकरण सक्तीचं झालं. हॉटेलचं भाडं प्रवाशाचंच. पुढचं मुंबई-नागपूर तिकीट वेगळ्या पीएनआरवर काढलेलं असेल तर तेही गेलं. दोन वेगळ्या तिकिटांत पहिलं विमान चुकल्याची जबाबदारी दुसऱ्या कंपनीवर नसते. नियम हलत असताना परदेश प्रवासाचं तिकीट घरापर्यंत एकाच पीएनआरवर घ्या, थोडं महाग पडलं तरी. देशांतर्गत सल्ल्याच्या हे उलट आहे, पण दोन्हीकडे धोका वेगळा आहे.

सुरक्षेवर पैसे कुठे घालावेत

विमानाच्या केबिनमधली हवा वरून खाली वाहते, तासाला वीस ते तीस वेळा बदलते आणि फिरवलेली हवा हेपा गाळणीतून जाते. ही गाळणी 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवते. म्हणून उडत्या विमानातली हवा ही त्या प्रवासातली सर्वांत वाईट हवा नसते. चेक-इनची रांग, बोर्डिंगच्या दाराशी होणारी गर्दी, विमानापर्यंत नेणारी बस आणि खिडक्या बंद केलेली एसी टॅक्सी जास्त जोखमीच्या. साथीच्या दिवसांत वर्धा रोडने घरी जायला उघडा ऑटो बरा, आणि स्वस्तही.

पण केबिन निर्धोक आहे असं नव्हे. मार्च 2020 मध्ये लंडनहून हनोईला गेलेल्या विमानात एका आजारी प्रवासी महिलेकडून 15 जणांना लागण झाल्याचं तपासात निघालं. त्यातले बहुतेक तिच्याच बिझनेस क्लासमधले होते. तेव्हा मास्क सक्तीचा नव्हता आणि प्रवास दहा तासांचा होता. नागपूर-मुंबई दीड तासाचा, तरी शेजारचा खोकत असेल तर गाळणीपर्यंत पोचण्याआधीच हवा तुमच्यापर्यंत येते.

त्यामुळे पैसे घालायचेच तर चांगल्या मास्कवर. ऑक्टोबर 2020 मध्ये राज्य सरकारने एन-95 चा कमाल दर 19 ते 49 रुपये आणि दोन-तीनपदरीचा 3 ते 4 रुपये ठरवला होता. एका तिकिटाच्या शंभराव्या भागात एवढी सुरक्षा दुसरी कुठली मिळत नाही. तो नाकावर घट्ट बसायला हवा. चेहऱ्यावरच्या प्लास्टिकच्या पडद्याने आणि मधल्या सीटवाल्याला दिलेल्या गाऊनने मनाला धीर मिळाला, त्यापलीकडे फारसं काही नाही. खिडकीजवळची जागा मिळाली तर घ्या आणि उठू नका. अमेरिकेत एमोरी विद्यापीठ आणि जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी विमानांत बसून मोजणी केली, तेव्हा खिडकीशी बसून राहणाऱ्याचा इतरांशी संपर्क सर्वांत कमी आला. जागा निवडायचे शे-तीनशे रुपये एरवी मी कुणाला द्यायला सांगणार नाही. सत्तरीच्या आईवडिलांसाठी साथीत सांगेन.

जुलै 2020 मध्ये इंडिगोने एका प्रवाशाला दोन जागा घेऊ दिल्या, दुसरीला भाड्याच्या 25 टक्क्यांपर्यंत आकारून. 4,000 च्या तिकिटावर हजार रुपयांत शेजारची जागा रिकामी. सोय फक्त कंपनीच्या संकेतस्थळावर होती, अ‍ॅपं-पोर्टलांवर नाही. दमेकरी किंवा केमोथेरपी चालू असलेल्या माणसासाठी हजार रुपये योग्य होते, धडधाकट तिशीतल्यासाठी नव्हेत.

पैसे अडकले तर

उड्डाण रद्द झाल्याचं कंपनीने सुटण्याच्या वेळेला 24 तासही उरले नसताना कळवलं, तर परताव्याखेरीज भरपाईही मिळते. एक ते दोन तासांच्या उड्डाणाला, म्हणजे नागपूरहून बहुतेक शहरांना, 7,500 किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतलं जे कमी ते. सरकारी बंदी किंवा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणात भरपाई नाही. परतावा मात्र तेव्हाही मिळतो, ही गोष्ट काउंटरवर ठासून सांगावी लागते. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं उड्डाण किंवा पूर्ण पैसे, निवड तुमची.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा, फोनवर नाही. मग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. 1915 वरून मध्यस्थीने बरेच अडकलेले परतावे सुटतात आणि त्याला पैसे लागत नाहीत. तरीही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने, 20 जुलै 2020 पासून, तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं तरी दावा नागपुरात चालतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचं शुल्क शून्य आहे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही. सोबत लागतं ते एवढंच: तिकीट, पैसे भरल्याची नोंद, उड्डाण रद्द झाल्याचा एसएमएस किंवा ईमेल, आणि कंपनीला पाठवलेल्या तक्रारीची तारखेसह प्रत. एसएमएस फोन बदलला की जातात, म्हणून त्यांचं छायाचित्र त्याच दिवशी काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा.